अब्बांची जीप

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी घरामागे एक जुना कडुलिंब आहे. त्या लिंबाखाली सहा वर्षं एक जीप उभी होती. टपावर निंबोळ्यांचा थर, सीटमध्ये उंदरांची घरटी, पुढच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली. गावातली पोरं तिच्यात बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. आम्ही दोघं भाऊ सुटीत गावी आलो की तिच्याकडे बघायचो आणि दरवेळी म्हणायचो, “पुढच्या खेपेला हिचं काहीतरी करू.” या दिवाळीच्या सुटीत अम्मी म्हणाली, “तुमची पुढची खेप कधी येणार? माझे गुडघे तर आताच गेले.”

आमच्यातला एक वाशिमला राहून शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरा गावी शेती पाहतो. आम्हाला दोन बहिणी. मोठ्या आपा कारंजाला दिलेल्या, धाकटी रिसोडला. अब्बा गेले तेव्हा शेताची नोंद झाली, घराची झाली, पण जीप तशीच राहिली. ती अब्बांच्या नावावर, अब्बांच्याच जागी, लिंबाखाली उभी.

ही जीप आमच्या घरी कशी आली, हे सांगायचं तर आधी आमच्या मुलखाबद्दल सांगायला हवं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. जीपची नोंद १९९४ ची, म्हणून तिच्यावर एमएच-३० हा अकोल्याचा क्रमांक. वाशिमचा एमएच-३७ पुढे आला. सहा तालुक्यांचा हा जिल्हा म्हणजे सोयाबीन, तूर आणि कपाशी. माती बहुतेक काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून लोण्यासारखी होते. चप्पल अडकली तर चप्पल तिथेच सोडून पाय काढावा लागतो. गावातून शेतात जाणाऱ्या वाटेला आमच्याकडे पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंनी बाभळी, मध्ये चिखलाचा ओढा. पांदण रस्त्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाची योजना आणली, काही ठिकाणी मुरूमही पडला. पण आमच्या लहानपणी जूनपासून दसऱ्यापर्यंत पांदणीत फक्त बैल, म्हैस आणि अब्बांची जीप चालायची.

शहरात हल्ली ऑफ-रोड हा शौक झाला आहे. लोक सुटीच्या दिवशी मुद्दाम चिखल शोधत जातात. आमच्याकडे चिखल शोधावा लागत नाही. तो दारात येतो.

अब्बांनी ही जीप एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. महिंद्राची एमएम ५४०, चारही चाकांना जोर देणारी. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा. तो ओढला की पुढची चाकंही ओढू लागायची. अब्बा तो दांडा ओढताना दरवेळी “बिस्मिल्लाह” म्हणायचे, आणि आम्हाला लहानपणी वाटायचं की चाकं त्या शब्दानेच फिरतात. त्या जीपमधून सोयाबीनची पोती आली, खत गेलं, गावातल्या कितीतरी लेकीसुना भर पावसात बाळंतपणाला मंगरूळपीरच्या दवाखान्यात गेल्या. अब्बांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. डिझेल मात्र कुणी भरून दिलं तर नाही म्हणायचे नाहीत.

या गाडीच्या घराण्याचा इतिहास आपल्या वाचकांना आवडेल. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, आपल्याकडे ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. महिंद्रा म्हणजे जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे बंधू. मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं आणि त्याच सुमारास मुंबईत विलीजच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. एमएम ५४० ही त्याच वंशातली, १९८५ च्या सुमाराची. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचं डिझेल इंजिन आणि जुन्या विलीजचा सांगाडा. तिच्यात इलेक्ट्रॉनिक असं काही नाही. पाना, हातोडा आणि सबुरी असेल तर ती कुठेही दुरुस्त होते. म्हणूनच आज तीस वर्षांनीही तिला गिऱ्हाईक आहे.

ते गिऱ्हाईक शोधायला आम्ही दोघं एका रविवारी निघालो. पहिला मुक्काम वाशिम. शहराबाहेरच्या रस्त्याला भंगारवाले बसतात. पत्र्याचं कुंपण, दारात वजनकाटा, आत एकावर एक रचलेली बोनेटं आणि दरवाजे. मालकाने मोबाइलमधले फोटो बघितले आणि जीपकडे न जाताच हिशोब सांगितला. “तेराशे किलो भरेल. तीस रुपयाने एकोणचाळीस हजार. टायर-बॅटरीचे वेगळे. गॅस कटर आणि माणसं माझी.” म्हणजे ज्या जीपमधून आमची धाकटी बहीण नवरी होऊन गेली, ती किलोवर. आम्ही उठलो. त्याला राग आला नाही. त्याच्याकडे येणारे सगळे असेच उठून जातात आणि महिन्याभराने परत येतात, असं तो हसत म्हणाला.

वाशिमहून मंगरूळपीर चाळीसेक किलोमीटर. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे या गावाच्या नावात ‘पीर’ आला. गावाच्या कडेला एका उस्तादांचं गॅरेज आहे. अब्बांच्या जीपचं काम तेच करायचे. वय सत्तरीच्या घरात, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. गॅरेज म्हणजे अर्धं गॅरेज, अर्धं लोहारकाम. मेलेल्या गाड्यांचं काय होतं ते आम्ही तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं.

एका कोपऱ्यात मागच्या चाकांचे धुरे रांगेने उभे होते. जुन्या जीपचा धुरा घेऊन त्यावर चौकट बसवली की शेतकऱ्याची टायरची बैलगाडी होते. आपल्याकडे तिला डनलॉप म्हणतात. लाकडी चाकाची गाडी चिखलात रुतते, रुंद टायरची कमी रुतते आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका होतो. जड धुरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जातात. पाटे, म्हणजे गाडीच्या कमानी, यांना लोहारांत मोठी मागणी. त्या पोलादात लवचीकपणा असतो, तापवून पाणी दिलं की धार टिकते. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी, कसायाच्या सुऱ्या, सगळं पाट्यातून निघतं. जुनी इंजिनं पाणी उपसायला आणि थ्रेशरला लावतात. रेडिएटरमधलं तांबं-पितळ वेगळं विकलं जातं. फाटक्या टायरची ढोरांसाठी गव्हाण होते.

“आणि पुढचा धुरा?” आम्ही विचारलं.

उस्तादांनी चष्मा वर केला. “तोच तर माल आहे, मास्टर. मागचा धुरा कोणत्याही गाडीला असतो. पुढून ओढणारा धुरा, त्याचं हौसिंग, क्राऊन-पिनियन आणि मधला ट्रान्सफर केस, हे फक्त फोर-व्हीलमध्ये. नागपूर-पुण्याची पोरं त्यासाठीच फिरतात. एखाद्याकडे तशीच जीप असते, पण तिचं पुढचं हौसिंग तडकलेलं. तो दुसरी मेलेली जीप शोधतो. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करतो.”

त्यांनी कागदावर हिशोब मांडला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाला, पुढचा धुरा दुसऱ्याला, इंजिन तिसऱ्याला, बॉडीचा पत्रा चौथ्याला. सुटं सुटं विकलं तर एक लाख दहा हजारांपर्यंत जाईल. पण वर्ष लागेल आणि वर्षभर उघड्या जीपला राखण लागेल. अख्खी विकायची तर अमरावतीकडचा एक तरुण इंजिनिअर त्यांच्या ओळखीचा होता. त्याला जीप मूळ रूपात परत उभी करायची होती. अशा गाडीला तो ‘प्रोजेक्ट’ म्हणत होता. तो छप्पन्न ठिकाणी फोन करत होता, आणि त्याने फोटो बघून शहाण्णव हजार सांगितले होते.

आम्ही उस्तादांना विचारलं, तुम्हीच का नाही या भागांतून शेतासाठी एखादी नवी गाडी जोडत? अशा गाडीची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राने ऐकली आहे. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग आणून साठेक हजारांत मुलासाठी छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी पायाने किक मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला, कौतुक केलं आणि त्याच वेळी म्हटलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

“लोहाराला बोलेरो मिळाली,” उस्ताद म्हणाले, “मला चालान मिळेल.”

त्यांचं खरं होतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार चालणार नाही. त्यामागे कारणही आहे. ब्रेक, धुरा आणि वजन यांचं गणित कारखान्यात तपासलेलं असतं. आपण इंजिन मोठं लावलं आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर उतारावर ते गणित कुणाच्या तरी अंगावर येतं. उस्ताद म्हणून बैलगाडी आणि ट्रॉलीवर थांबतात.

आम्ही निघणार तेवढ्यात तिथे बसलेला एक अनोळखी माणूस आमच्यामागे बाहेर आला. आवाज खाली करून म्हणाला, “जीप तुमचीच ठेवा. सुटी विका, काय करायचं ते करा. मला फक्त आर.सी. बुक आणि चेसिसवरची नंबरची पट्टी द्या. साठ हजार रोख.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साठ आणि एक लाख दहा, म्हणजे एक लाख सत्तर हजार. अम्मीच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन त्यात होऊन जाईल, हा हिशोब आमच्या दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी झाला. खोटं कशाला सांगायचं? तो हिशोब चहा संपेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

मग उस्तादांनी त्याचा अर्थ सांगितला. चोरीच्या गाडीला कागद नसतात. मेलेल्या गाडीला कागद असतात, गाडी नसते. दोन्ही जोडले की चोरीची गाडी साव होऊन रस्त्यावर येते. उद्या त्या गाडीखाली कुणी आलं, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? आर.सी.वर नाव अब्बांचं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल, मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. कायद्याचं राहू द्या. ज्या माणसाने आयुष्यभर बाळंतिणींचे पैसे घेतले नाहीत, त्याचं नाव साठ हजाराला एका चोराच्या गाडीवर लावायचं? आम्ही त्या माणसाला नाही म्हणालो. तो खांदे उडवून निघून गेला. त्याचं काम दुसऱ्या कुठल्या तरी लिंबाखाली होईल.

वाचकांनाही एवढं सांगतो. गाडी भंगारात देत असाल तर फक्त पैसे घेऊन घरी येऊ नका. गाडी मोडीत निघाली की चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. २०२१ च्या नव्या धोरणानंतर नोंदणीकृत भंगार केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे गाडी दिली तर जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलतही मिळते.

मंगरूळपीरहून आम्ही कारंजाला आपांकडे गेलो. त्या भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची मुभा, दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी. वरून गाड्या सूं सूं जातात आणि खालच्या बोगद्यातून एक डनलॉप बैलगाडी कपाशी घेऊन चाललेली असते. तिचा धुरा कोणत्या जीपचा असेल, असं त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आलं.

आपांनी जेवायला वाढलं. आम्ही सगळं सांगितलं आणि शेवटी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. जीप शहाण्णव हजाराला द्यायची आणि सगळे पैसे अम्मीच्या गुडघ्यांसाठी ठेवायचे. आपा आणि धाकटीने कागदावर सही तेवढी द्यावी, म्हणजे काम सोपं होईल.

आपांनी ताटातला हात थांबवला. “शेत वाटलं तेव्हाही सही घेतली होती. घराच्या वेळीही. ‘आपा, तुमचं आमचं काय वेगळं आहे?’ असं म्हणून. मी तेव्हाही दिली. पण एकदा तरी आमचा हिस्सा आमच्या हातात द्या. मग त्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू. अम्मी आमचीही आहे.”

आमच्या घशात घास अडकला. आम्ही वाईट माणसं नाही, असं आम्ही दोघंही समजत होतो. पण बहिणींचा हक्क हा त्यांनी माफ करायचाच असतो, अशी सवय आमच्या घराला लागली होती आणि ती सवय आम्हाला कधी दिसलीच नव्हती. वर्गात मुलांना वारसाहक्काची गणितं घालणाऱ्या मास्तरालाही नाही. रात्री त्याच मास्तराने आपांच्या मुलाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर गणित मांडलं. शहाण्णव हजारांचा आठवा हिस्सा अम्मीचा, बारा हजार. उरले चौऱ्याऐंशी हजार. मुलाला दोन, मुलीला एक, असे सहा भाग, चौदा हजारांचा एक. बहिणींना चौदा-चौदा, भावांना अठ्ठावीस-अठ्ठावीस. आपांनी वही बघितली आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. आता सही घ्या.” रिसोडला फोन लावला. धाकटी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मला वाटलं जीप कधीच विकून झाली असेल.”

पुढचं काम कागदांचं. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि ३१ नंबरचा अर्ज. हे खरं तर तीन महिन्यांत करायचं काम आम्ही सहा वर्षांनी केलं, त्यामुळे चकरा वाढल्या. त्यानंतर विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे अर्ज. नोंदणीची मुदतही संपलेली, तिची फी आणि पर्यावरण कर भरायचं त्या तरुणाने कबूल केलं.

तो डिसेंबरात जीप बघायला आला. त्याच्या आदल्या रात्री आम्ही तिचे ऐब लिहून काढले. माल विकताना त्यातली खोट लपवायची नाही, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून कानावर असते. लिहायला बसल्यावर ती किती जड आहे हे कळतं. डाव्या बाजूला चेसिसला एकदा वेल्डिंग झालं आहे. इंजिन दोनदा बोअर केलं आहे, आता बोअरला जागा नाही. दुसरा गिअर सुटतो. पुढच्या धुऱ्यातून तेल गळतं. मागचा एक पाटा मूळचा नाही, मूळचा २०११ च्या पावसात तुटला. अशी अकरा कलमं झाली. धाकटा भाऊ म्हणाला, “हे वाचून तो पळून जाईल.”

तो पळाला नाही. गाडीखाली पाठीवर आडवा झाला, बॅटरी लावून अर्धा तास बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला, “बारावंही आहे. स्टिअरिंग बॉक्स सैल आहे.” ते आम्हाला खरंच माहीत नव्हतं. मग त्याने भाव शहाण्णववरून खाली आणला नाही. म्हणाला, चेसिसच्या वेल्डिंगचं कुणी स्वतःहून सांगत नाही, ते नंतर कळतं आणि तेव्हा गाडी अर्धी खोललेली असते.

पैसे बँकेत आले त्याच दिवशी पाच जणांना वाटले गेले. आपांनी आपल्या चौदातले दहा अम्मीला पाठवले आणि चारात शिवणयंत्राची मोटर बसवून घेतली. धाकटीने काय केलं ते आम्ही विचारलं नाही. अम्मीच्या गुडघ्याला अजून पैसे कमी पडतात. ते आम्ही जमवतो आहोत.

जीप न्यायला मोठी गाडी आली तेव्हा गावातले अर्धे लोक जमले. एक म्हातारी काठी टेकत आली, बोनेटवर हात ठेवून उभी राहिली. तिचा नातू या जीपमध्ये जन्मला होता, दवाखाना यायच्या आधीच. तो नातू आता तिच्या शेजारी उभा होता, मिशा फुटलेला, मोबाइलवर शूटिंग करत.

फेब्रुवारीत त्या तरुणाने नव्या आर.सी.चा फोटो पाठवला. मालकाच्या जागी त्याचं नाव, चेसिसचा नंबर तोच. अम्मीने तो फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, “म्हणजे आता यांच्या नावावर काही उरलं नाही?” आम्हाला उत्तर सुचलं नाही.

लिंबाखाली फक्त तो २०११ चा तुटका पाटा उरला होता. तो आम्ही उस्तादांकडे नेला. त्यांनी त्याची वखराची पास करून दिली. यंदा आमच्या शेतात तीच पास चालते आहे. शेतापर्यंत मात्र पांदणीतून पायीच जावं लागतं, चपला हातात घेऊन.